चालण्यातली सवड

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘सॉन्टर’ हे क्रियापद बहुधा शब्दकोशात भेटते आणि तिथे त्याच्यापुढे ‘सावकाश चालणे’ एवढाच अर्थ दिलेला असतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण त्याच्यावर विसंबून केलेली वाक्ये हमखास फसतात. शस्त्रक्रियेनंतर भिंतीचा आधार घेत पाऊल टाकणारा रुग्ण सावकाश चालतो. तिरडीचे खांदेकरी सावकाश चालतात. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढण चढणारी बाईही सावकाशच चालते. यांच्यापैकी कोणालाही इंग्रजी लेखक ‘सॉन्टर’ लावणार नाही. लावलाच, तर वाचक दचकेल. उलट शाळेची घंटा होऊन गेल्यावरही खिशात हात घालून, इकडेतिकडे बघत फाटकातून आत येणारा मुलगा त्या रुग्णापेक्षा कितीतरी वेगाने चालत असेल, तरी त्याला हे क्रियापद अगदी चपखल बसते. म्हणजे हे क्रियापद वेग मोजत नाही. चालणाऱ्याला सवड आहे, निदान ती असल्यासारखा तो वागतो आहे, आणि ते त्याच्या चालण्यात दिसते आहे, असे ते सांगते. ही जाण मराठी माणसाला नव्याने शिकावी लागत नाही. ‘रमतगमत आला’ म्हणताना तो नेमके हेच सांगत असतो, आणि आजारी माणूस रमतगमत आला असे चुकूनही म्हणत नाही. अडचण अर्थाची नसून वाक्यातल्या जागेची आहे. मराठी जो आशय क्रियापदाच्या आधीच्या शब्दात ठेवते, तो इंग्रजी थेट क्रियापदात ठेवते. हा जागाबदल कळला नाही, तर शब्द पाठ होतो आणि वाक्य मात्र मराठीच राहते.

लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधात या जागेच्या प्रश्नाची मांडणी केली. कोणीतरी कुठून तरी कुठे तरी गेले, असे सांगताना प्रत्येक भाषेला दोन गोष्टी हाताळाव्या लागतात: गेलेला मार्ग, म्हणजे आत, बाहेर, वर, पलीकडे, आणि जाण्याची ढब, म्हणजे धावत, लंगडत, रेंगाळत. वाक्यात मुख्य क्रियापद एकच. तेव्हा ते मानाचे स्थान कोणाला द्यायचे, हे भाषेला ठरवावे लागते. स्पॅनिश, तुर्की, ग्रीक या भाषा ते बहुतेक वेळा मार्गाला देतात. त्यांची क्रियापदे ‘शिरणे’, ‘निघणे’, ‘चढणे’, ‘ओलांडणे’ या प्रकारची असतात आणि ढब, सांगायचीच असेल तर, वेगळ्या शब्दाने जोडली जाते. इंग्रजी, जर्मन, रशियन या भाषा क्रियापदात ढब ठेवतात आणि मार्गाचे काम क्रियापदाला चिकटणाऱ्या लहान शब्दांवर किंवा उपसर्गांवर सोपवतात. इंग्रजीतले ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ओव्हर’, ‘अक्रॉस’, ‘पास्ट’ हे ते लहान शब्द. मार्गाची चिंता त्यांनी वाहिल्यामुळे क्रियापदाची जागा मोकळी राहते, आणि ती भरायला इंग्रजीने शब्दांची मोठी फौज उभी केली. बेथ लेव्हिन यांनी 1993 साली इंग्रजी क्रियापदांचे वर्गीकरण केले, त्यात धावण्याचालण्याच्या ढबीच्या एकाच गटात शंभराहून अधिक क्रियापदे आहेत. ‘सॉन्टर’, ‘स्ट्रोल’, ‘अँबल’ ही त्यातली सवडीने चालण्याची.

मराठी या दोन गटांपैकी कुठे बसते, हे तपासायला एक साधे वाक्य पुरते. ‘ही सॉन्टर्ड इनटू द रूम’ हे इंग्रजीत पूर्ण वाक्य आहे: माणूस बाहेर होता, आत आला, आणि सवडीने आला. आता मराठीत ढबीचे क्रियापद मुख्य जागी ठेवून पाहावे. ‘तो खोलीत रेंगाळला.’ वाक्य शुद्ध आहे, पण अर्थ पार बदलला. हा माणूस आधीपासूनच खोलीत होता आणि तिथून लवकर हलला नाही. उंबरठा ओलांडण्याची क्रिया वाक्यातून नाहीशी झाली. तीच गत ‘बाळ खोलीत रांगले’ची, इंग्रजीत ‘क्रॉल्ड इनटू द रूम’ म्हटले की बाळ बाहेरून आत येते, मराठीत ते खोलीतल्या खोलीत रांगत राहते. त्याला आत आणायचे, तर ‘रांगत आत आले’ असेच म्हणावे लागते, म्हणजे मार्गाला ‘येणे’ हे क्रियापद द्यावे लागते आणि ढब धातुसाधित होऊन मागे सरकते. ‘रेंगाळत आला’, ‘रमतगमत शिरला’, ‘डुलत डुलत गेला’ ही मराठीची स्वाभाविक बांधणी. या बांधणीत एका प्रत्ययानेसुद्धा केवढा फरक पडतो, हेही जाता जाता पाहण्यासारखे आहे: शेजारी ‘चालत आला’ तर तो पायी आला, आणि ‘चालून आला’ तर त्याने हल्ला केला.

इथे एक आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. मराठीत ढबीची क्रियापदे काय कमी आहेत? हुंदडणे, बागडणे, उंडारणे, मिरवणे, खुरडणे, सरपटणे, लंगडणे, भटकणे. यादी लांबवता येईल. पण ही क्रियापदे बारकाईने पाहिली, तर एक खूण सगळीकडे दिसते. मुले अंगणात बागडतात, गावभर हुंदडतात. ती शाळेत बागडत ‘जातात’. ही क्रियापदे वावर सांगतात, मुक्कामाला पोचवत नाहीत. पोचायचे म्हटले की जाणे-येणे-शिरणे-निघणे यांना बोलावावे लागते. म्हणून मराठी ढबीच्या बाबतीत गरीब आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र साफ चूक ठरेल. तिची संपत्ती दुसऱ्या खणात आहे. तुरुतुरु, दुडुदुडु, झपझप, तरातरा, लगबगीने, रमतगमत, पाय ओढत, मान खाली घालून: क्रियापदाच्या अलीकडची ही जागा मराठीने इतकी भरली आहे की इंग्रजी अनुवादकाने तिच्यापुढे हात टेकावेत. मोल्सवर्थच्या 1831 सालच्या मराठी-इंग्रजी कोशात अशा द्विरुक्त शब्दांची रेलचेल आहे, आणि मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969 साली असे दाखवून दिले की हे ध्वनिचित्री शब्द आर्य आणि द्राविड अशा वेगवेगळ्या कुळांतल्या भारतीय भाषांचा सामायिक ठेवा आहेत. जपानी आणि बास्क या भाषाही साधारण याच वाटेने जातात. क्रियापदात मार्ग, आणि ढबीसाठी नादमय शब्दांचे वेगळे भांडार.

म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या मनात मराठी बांधणी तयार असते: आधी ढब, शेवटी मार्गाचे क्रियापद. ती तशीच उतरली की ‘ही केम इनटू द गार्डन वॉकिंग स्लोली’ असे वाक्य होते. व्याकरणाचा शिक्षक त्यावर लाल रेघ मारणार नाही. पण इंग्रजीतली सर्वांत बोलकी जागा ‘केम’ या फिक्या क्रियापदावर खर्च झाली, ढब शेपटासारखी मागे लोंबली, आणि ‘स्लोली’ने सवड सांगण्याऐवजी फक्त वेग सांगितला. दुरुस्ती दोन पायऱ्यांत होते. ‘तो रमतगमत बागेत आला’ या वाक्यातले ‘रमतगमत’ उचलून क्रियापदाच्या जागी ठेवायचे, म्हणजे ‘सॉन्टर्ड’. आणि ‘आत येणे’ हा मार्ग क्रियापदातून काढून लहान शब्दाला द्यायचा, म्हणजे ‘इनटू’. कोशातला अर्थ घोकण्यापेक्षा अशी दहा मराठी वाक्ये फिरवून पाहणे अधिक उपयोगाचे, असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे शब्दाबरोबर त्याची जागाही हाताला लागते. ‘रस्त्याने रेंगाळत गेला’ म्हणजे ‘सॉन्टर्ड डाउन द रोड’, ‘दुकानावरून सहज चालत पुढे गेला’ म्हणजे ‘सॉन्टर्ड पास्ट द शॉप’, ‘निवांतपणे उठून खिडकीशी गेला’ म्हणजे ‘सॉन्टर्ड ओव्हर टू द विंडो’. तीनही ठिकाणी मराठीतला ‘गेला’ इंग्रजीत दिसत नाही. तो ‘डाउन’, ‘पास्ट’ आणि ‘ओव्हर टू’ यांत विरघळला आहे.

शब्दाची जात ओळखायला त्याचा इतिहासही मदत करतो, फक्त त्यात एक आकर्षक भूलथाप आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 सालच्या इंग्रजी कोशात ‘सॉन्टर’चा उगम ‘पवित्र भूमी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत सांगितला आहे: पवित्र भूमीच्या यात्रेला निघालो आहोत, असे सोंग करून गावोगाव भीक मागत फिरणाऱ्या रिकामटेकड्यांवरून तो आला, अशी कथा. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने हीच व्युत्पत्ती उचलली आणि ‘वॉकिंग’ या आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या आरंभीच मांडली. 1851 पासून व्याख्यान म्हणून दिलेला हा निबंध ‘अटलांटिक मंथली’च्या जून 1862 च्या अंकात, थोरोच्या मृत्यूनंतर महिन्याभरात छापून आला. थोरोच्या हाती रानावनांतून निरुद्देश हिंडणे हीच यात्रा झाली. आजचे कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. शब्दाचे मूळ अस्पष्ट आहे, आणि सवडीने चालण्याचा अर्थ सतराव्या शतकात दिसू लागतो, एवढेच ते सांगतात. व्युत्पत्ती खोटी असली, तरी तिच्यातून दिसणारा झगडा मात्र खरा आहे आणि वापरणाऱ्याला तो ठाऊक हवा. जॉन्सनच्या लेखी या चालण्यात आळस आणि निरुद्योगीपणा आहे. थोरोच्या लेखी त्यात स्वातंत्र्य आहे. आजच्या इंग्रजीतही दोन्ही छटा जिवंत आहेत. सुट्टीच्या दिवशी नदीकाठाने केलेले ‘सॉन्टर’ हेवा वाटावा असे असते, आणि बैठकीला अर्ध्या तासाने केलेले ‘सॉन्टर इन’ चीड आणणारे असते. क्रियापद तेच, सवड असणे योग्य होते की नव्हते, हे भोवतालचे वाक्य ठरवते.

‘सॉन्टर’च्या भावंडांच्या कथा वेगळ्या आहेत आणि त्यांचे स्वभावही. ‘स्ट्रोल’ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भटक्यांच्या, बेवारशी हिंडणाऱ्यांच्या संदर्भात येतो. गावोगाव फिरून खेळ करणाऱ्या नटांना ‘स्ट्रोलिंग प्लेअर्स’ म्हणत. पुढे त्याची भटकेगिरी धुऊन निघाली आणि तो सभ्य झाला. जेवणानंतर दोघांनी मारलेली शतपावलीवजा फेरी म्हणजे ‘स्ट्रोल’. तो नाम म्हणूनही सहज चालतो. ‘गो फॉर अ स्ट्रोल’ हा रोजचा वाक्प्रयोग आहे, ‘गो फॉर अ सॉन्टर’ त्यामानाने विरळा. ‘अँबल’ लॅटिनमधल्या चालण्याच्या धातूपासून फ्रेंचमार्गे आला आणि आधी घोड्याला लागला. एका अंगाचे पुढचे-मागचे पाय बरोबरीने टाकणारी, स्वाराला धक्के न देणारी घोड्याची चाल, ती ही. त्यामुळे आजही ‘अँबल’मध्ये पावलांची सुखद लय आहे, ऐट नाही. म्हातारे गृहस्थ, गाई, अस्वले ‘अँबल’ करतात. ‘सॉन्टर’मध्ये मात्र कोणीतरी आपल्याकडे बघते आहे याचे किंचित भान असते, म्हणून मांजर ‘सॉन्टर’ करू शकते आणि गाय सहसा करत नाही. ‘वॉन्डर’ आणि ‘मिअँडर’ यांना याच पंगतीला बसवू नये. त्यांचा भर चालण्याच्या ढबीपेक्षा वाट ठरलेली नसण्यावर किंवा ती वळणावळणाची असण्यावर आहे.

पीटर मार्क रॉजेट याचा ‘थिसॉरस’ 1852 मध्ये निघाला, तेव्हापासून जवळपासच्या अर्थाचे शब्द एका ओळीत मिळू लागले. ही सोय मोठीच, पण परक्या भाषेत लिहिणाऱ्याला ती अनेकदा खड्ड्यात घालते. ओळीतले शब्द एकमेकांच्या जागी बसतात, असा त्याचा समज होतो. ‘सॉन्टर’ सकर्मक वापरला जात नाही; कुत्र्याला ‘वॉक’ करता येते, ‘सॉन्टर’ करता येत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी पाऊण तास चालणाऱ्याने आपण ‘सॉन्टर’ करतो असे लिहिले, तर त्याने डॉक्टरांचा सल्ला पाळला नाही असा अर्थ होतो, कारण त्या चालण्याला हेतू आहे आणि घड्याळ आहे. ‘सॉन्टर्ड हरीडली’ हे स्वतःलाच खोडणारे वाक्य आहे. ‘सॉन्टर्ड स्लोली’ खोडत नाही, पण क्रियापदावर विश्वास नसल्याचे दाखवते. सवड सांगून झाल्यावर पुन्हा सावकाशपणाची पाटी कशाला? याउलट क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात ही क्रियापदे किती नेमकी पडतात पाहा. छोट्या रन-अपचा गोलंदाज ‘अँबल्स इन’, कारण त्याच्या पावलांत लय आहे आणि जोर नाही. चेंडू दूरच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला की फलंदाज एका धावेसाठी ‘सॉन्टर’ करतो, आणि त्या एका क्रियापदाने क्षेत्ररक्षक लांब होता, धावबाद होण्याची भीती नव्हती, हे न सांगता कळते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. साधे, स्वच्छ इंग्रजी लिहावे, असे सगळे जाणकार सांगतात. मग ‘वॉक’ असताना ‘सॉन्टर’ची हौस कशाला? ही शोभेची कला नव्हे काय? याचे उत्तर इंग्रजीभाषकांच्या प्रत्यक्ष वागण्यात शोधले पाहिजे. मर्सर मेयर यांचे बेडूक शोधायला निघालेल्या मुलाचे एक शब्दविरहित चित्रपुस्तक आहे, 1969 सालचे. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी त्याच चित्रांवरून वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांना आणि मोठ्यांना गोष्ट सांगायला लावली. तो अभ्यास 1994 मध्ये ग्रंथरूपाने आला. झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येते, त्या चित्रावर स्पॅनिशभाषक बहुधा घुबड ‘निघाले’ असे सांगून पुढे जात. इंग्रजीभाषक मात्र ते ‘पॉप्ड आउट’ किंवा ‘फ्लू आउट’ असे ढबीसकट सांगत, आणि लहान मुलेही तसेच सांगत. साहित्याचे संस्कार न झालेल्या मुलाच्या तोंडी जे सहज येते, त्याला शोभेची कला कसे म्हणावे? स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांची स्पॅनिश भाषांतरेही तपासली, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी ढबीचा तपशील गळालेला दिसला. स्पॅनिशमध्ये तो तपशील ठेवायचा तर शब्द वाढतो, वाक्य जड होते, म्हणून अनुवादक तो सोडून देतो. इंग्रजीत तो ठेवायला काहीच खर्च नाही. ‘वॉक्ड इन’ आणि ‘सॉन्टर्ड इन’ यांची लांबी जवळजवळ सारखीच. साधेपणाचा नियम शब्द वाचवायला सांगतो, आणि ‘केम इन वॉकिंग इन अ लेझर्ली मॅनर’ या सात शब्दांच्या जागी दोन शब्द आणणे हा तोच नियम पाळणे आहे.

या आक्षेपात तरीही एक खरा अंश उरतो, आणि तो मान्य केला पाहिजे. एका परिच्छेदात एकाने ‘सॉन्टर’ केले, दुसऱ्याने ‘स्वॅगर’, तिसऱ्याने ‘ट्रज’, चौथा ‘टिपटो’ करत आला, तर वाचकाला माणसे दिसत नाहीत, लेखकाचा शब्दसंग्रह तेवढा दिसतो. इंग्रजी गद्यात ‘वॉक’, ‘गो’ आणि ‘कम’ हीच क्रियापदे बहुसंख्य असतात, आणि असायला हवीत. जिथे चालण्याची ढब पुढच्या घटनेवर प्रकाश टाकते, तिथेच ढबीचे क्रियापद कामाचे. चोर घरातून ‘सॉन्टर’ करत बाहेर पडला, यात त्याची बेफिकिरी कळते आणि पुढे शेजाऱ्यांना संशय का आला नाही, हेही कळते. तो नंतर बसथांब्यावर गेला, तिथे ‘वॉक’ पुरे.

आणखी एक समज अधूनमधून मांडला जातो: इंग्रजीत चालण्याचे इतके प्रकार आहेत, म्हणजे इंग्रजी बोलणारे जगाकडे अधिक बारकाईने पाहतात, आणि ही क्रियापदे शिकली की आपली नजरही तशी होईल. हा दावा टिकत नाही. अ‍ॅना पापाफ्रागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ग्रीक आणि इंग्रजी भाषकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. हलती दृश्ये नुसती पाहायला सांगितली, तेव्हा दोन्ही गटांची नजर सारखीच फिरली. नंतर दृश्याचे वर्णन करायचे आहे, असे आधी सांगितले, तेव्हा मात्र वाटा फुटल्या: इंग्रजीभाषकांचे डोळे हालचालीची ढब दाखवणाऱ्या भागाकडे आधी वळले, ग्रीकभाषकांचे मुक्कामाकडे. पाहणे सर्वांचे सारखे. बोलण्याच्या तयारीत प्रत्येक जण आपल्या भाषेच्या क्रियापदाला लागणारा ऐवज आधी गोळा करतो. स्लोबिन याला ‘बोलण्यासाठीचा विचार’ म्हणतात. मराठी वाक्य फिरवून पाहण्याचा जो मार्ग वर सुचवला, तो याच तयारीचा सराव आहे. इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधी ‘हा माणूस कुठे गेला’ याच्याबरोबर ‘तो कसा चालला’ हेही हाताशी असावे लागते, कारण क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच येते. मराठीत ते शेवटी येत असल्याने तोवर विचार करायला अवकाश मिळतो.

क्रियापदात ढब ठेवण्याची ही सवय काही लेखनप्रकारांत मात्र आड येते, आणि भारतात इंग्रजीचा बराचसा वापर ज्या कागदांवर होतो, तिथे तिचा विचार फार कमी केला जातो. ढबीच्या क्रियापदात निरीक्षणाबरोबर मतही असते. कर्मचारी सव्वादहाला ‘सॉन्टर्ड इन’ असे चौकशी अहवालात लिहिले, तर त्याला उशिराची फिकीर नव्हती, हा निष्कर्ष पुराव्याविना नोंदवला जातो. कदाचित त्याचा गुडघा दुखत असेल. कदाचित वरिष्ठाची आधीच परवानगी घेतलेली असेल. पोलिसांचा जबाब, वैद्यकीय नोंद, शिस्तभंगाचे पत्र, बातमीचा पहिला परिच्छेद या जागी ‘वॉक्ड इन अ‍ॅट 10.15’ हेच योग्य वाक्य आहे, आणि माणूस बेफिकीर होता असे म्हणायचेच असेल, तर ते वेगळ्या वाक्यात, ज्याने पाहिले त्याच्या नावानिशी म्हणावे.